गावाकडच्या जमिनीचा वाद आणि तालुक्याचा वकील: सुरुवात कुठून करायची

आधीच सांगतो, हा लेख सगळ्या प्रकारच्या केसेससाठी नाही. घटस्फोट, चेक बाउन्स, मारामारी यातलं इथे काही नाही. महाराष्ट्रात वडिलोपार्जित शेतजमीन आहे, वाद घरातल्याच माणसांशी किंवा बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याशी आहे, आणि तुम्ही राहता पुण्या-मुंबईत, बंगलोरला किंवा थेट बाहेरच्या देशात, अशांसाठी हे आहे. मी स्वतः वकील नाही, पण घरातल्या वाटपाच्या केसमुळे तालुक्याच्या कोर्टात आणि तहसीलला इतकं जाणंयेणं झालंय की शिपायापासून शिरस्तेदारापर्यंत सगळे चेहऱ्याने ओळखतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये वगैरे ऐकवणारे भरपूर भेटतात, पण समोरच्याने दावा लावला आणि समन्स दारात आलं की ती पायरी चढावीच लागते, तिथे शहाणपणाचा प्रश्नच नसतो.

बहुतेक लोक पहिल्या दिवशी "एखादा चांगला वकील सांगा ना" म्हणून फोन फिरवायला लागतात. माझं म्हणणं, वकील शोधायच्या आधी कागद शोधा. कागद हातात नसताना वकिलाकडे गेलात तर तो तुमची कहाणी ऐकणार, मान हलवणार, "बघू, आधी फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद) काढून आणा" म्हणणार आणि तुमची एक चक्कर फुकट जाणार. त्यात कागद न बघता "होऊन जाईल काम, काळजी करू नका" म्हणणारा भेटला तर अजूनच वाईट.

पहिलं काम: कागदांची फाईल

आपल्या सगळ्या गटांचे चालू सातबारे काढा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो आणि तो सरकारी कामाला चालतो, नुसता बघायचा फुकटवाला चालत नाही. त्यासोबत आठ-अ चा उतारा, कारण एकाच खात्यावर अजून कुठे दोन-चार गुंठे पडलेत का ते तिथेच कळतं. गट नकाशा. मोजणी झाली असेल तर मोजणीच्या नकाशाची क प्रत. खरेदीखत असेल तर त्याचं इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश उतारा. घरातल्या मयत माणसांचे मृत्यूचे दाखले. आणि एका कोऱ्या कागदावर हाताने काढलेली वंशावळ, पणजोबांपासून आजपर्यंत, सगळ्या मुली-सुनांसकट. ही वंशावळ काढताना मुली गाळायच्या नाहीत, "आत्यांचं काय, त्यांची लग्नं झाली" असं म्हणत लोक सर्रास गाळतात आणि मग दाव्यात आवश्यक पक्षकारच जोडले नाहीत म्हणून सगळी गाडी अडते.

आता खरी गंमत फेरफारात असते. सातबाऱ्यावर नावांपाशी छोटे छोटे आकडे असतात, ते फेरफाराचे नंबर. ते सगळे लिहून घ्या आणि एकेक फेरफार काढा, अलीकडचे तलाठ्याकडे किंवा ऑनलाइन मिळतात (तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात सगळे तलाठीच म्हणतात), जुने तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून नक्कल अर्ज करून मिळतात. एखादा जुना वारसाचा फेरफार हातात घेऊन नीट वाचा. साधारण असं असतं: अमुक हे अमुक तारखेस मयत, वारस मुलगे दोन, मुली तीन, पत्नी एक. त्याखाली "मुलींनी हक्क सोडत असल्याबाबत जबाब दिला सबब नावे दाखल केली नाहीत" अशी ओळ, किंवा बहिणींची नावं मुख्य रकान्यात न लावता इतर हक्कात टाकलेली. ही ओळ दिसली की पेन्सिलीने खूण करा. कारण नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसताना नुसत्या जबाबावर नाव उडवलेलं असेल तर सगळा वाद तिथेच उभा राहतो, तुम्ही भावाच्या बाजूचे असा नाहीतर बहिणीच्या. वकिलाला पहिला प्रश्न याचाच विचारायचा.

अजून एक. घरात कुठेतरी शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला "खरेदी" कागद सापडतो आणि सगळे खूश होतात. नोटरी म्हणजे नोंदणी नाही. जमिनीची खरेदी दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर झाल्याशिवाय मालकी फिरत नाही. तो कागद टाकून देऊ नका, ताबा दाखवायला वगैरे उपयोगी पडू शकतो, पण त्याच्या भरवशावर उड्या मारू नका.

दुसरं: तुमचा वाद कुठल्या दारातला आहे

हे नीट कळलं तर निम्मा वकील निवडून झाला समजा. जमिनीच्या वादाला आपल्याकडे दोन वेगवेगळी दारं आहेत, एक महसुली आणि एक दिवाणी. तहसील कचेरी आणि कोर्ट बऱ्याच तालुक्यांत समोरासमोर असतात त्यामुळे लोकांना ते एकच वाटतं, पण दोन्हीकडचे कायदे वेगळे, मुदती वेगळ्या, आणि बऱ्याचदा वकीलही वेगळे.

महसुली दार म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६. तलाठी नोंद धरतो, कलम १५० खाली नोटीस काढतो, हितसंबंधितांना हरकत घ्यायला १५ दिवस असतात, हरकत आली तर ते प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि मंडळ अधिकारी सुनावणी घेऊन नोंद मंजूर करतो नाहीतर रद्द. त्याच्या निर्णयावर अपील प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, पुढे जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी, आणि फेरतपासणी अजून वर. नुसती लिहिण्यातली चूक असेल, जसं की नावात एक अक्षर चुकलंय किंवा क्षेत्र टाइप करताना गडबड झालीय, तर कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज. शेतात जायला रस्ताच नाही आणि बांधावरून नवीन रस्ता हवाय तर कलम १४३. होता तो रस्ता कुणी नांगरून टाकला किंवा पाण्याचा पाट अडवला तर मामलेदार कोर्ट अधिनियम १९०६, तो ब्रिटिशांच्या काळचा कायदा अजून रोज वापरात आहे, आणि त्यात अडवल्यापासून सहा महिन्यांत तहसीलदाराकडे जावं लागतं. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर वाटपसुद्धा तहसीलदाराकडे कलम ८५ खाली होतं, कोर्टाची गरजच पडत नाही.

दिवाणी दार म्हणजे कोर्ट. मालक कोण, कुणाचा हिस्सा किती, मृत्युपत्र खरं का खोटं, खरेदीखत रद्द करा, ताबा द्या, मनाई हुकूम द्या, हे सगळं तिथे. दाव्याची किंमत आणि प्रकार बघून तो दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराकडे जातो का वरिष्ठ स्तराकडे हे वकील सांगेल.

लोकांचा मोठा घोळ इथेच होतो. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी मिळाली असं गावात प्रत्येकाला वाटतं. सुप्रीम कोर्टाने पुन्हा पुन्हा सांगितलंय की फेरफार नोंद ही महसूल वसुलीपुरती असते, तिने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. म्हणजे तुमचं नाव उडालं म्हणून हक्क संपला असं नाही, आणि चुलत्याचं एकट्याचं नाव लागलं म्हणून तो एकटा मालक झाला असंही नाही. तरीपण नोंदीकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण त्याच सातबाऱ्यावर तो कर्ज काढतो, पीकविमा भरतो, आणि एक दिवस जमीन विकून मोकळा होतो. म्हणून बऱ्याच केसेसमध्ये दोन्ही दारं एकदम ठोठवावी लागतात, प्रांताकडे नोंदीविरुद्ध अपील आणि कोर्टात वाटपाचा दावा. वकील एका बाजूचा पक्का आणि दुसऱ्या बाजूला नुसताच "आपले ओळखीचे साहेब आहेत" म्हणणारा असेल तर दोन वेगळे वकील ठेवलेले परवडतात.

मुदती, ज्या पाठ असाव्यात

कलमं वकिलाने लक्षात ठेवावीत, तारखा मात्र तुम्ही. मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत यांच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर महसुली अपिलाला ६० दिवस. जिल्हाधिकारी पातळीच्या आदेशावर ९० दिवस. दिवाणी कोर्टाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, हायकोर्टात ९०. नक्कल मिळायला जो वेळ लागतो तो यातून वजा होतो, म्हणून निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकायचा, पुढच्या आठवड्यात नाही. अपिलाला उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण मूळ दावाच मुदतीबाहेर गेला तर त्याला विलंब माफी नसते, हा फरक लोकांना माहीतच नसतो.

जमिनीवरून जबरदस्तीने काढलं तर सहा महिन्यांत नुसत्या ताब्यासाठी दावा लावता येतो, त्यात मालकी सिद्ध करत बसावं लागत नाही. मालकीच्या जोरावर ताबा मागायला १२ वर्षं. साठेखत (खरेदीआधीचा करार) करून समोरचा खरेदीखत देत नाही तर ३ वर्षं. सरकारविरुद्ध दावा असेल तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, फारच तातडी असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन त्याआधी जाता येतं.

आणि तुम्ही प्रतिवादी असाल, म्हणजे समन्स तुमच्या घरी आलंय, तर ३० दिवसांत कैफियत, म्हणजे तुमचं लेखी उत्तर, द्यायची असते, कोर्ट कारण बघून ९० दिवसांपर्यंत वाढवून देतं. गावी चुलतभावाने समन्स घेऊन कपाटात ठेवलं आणि तुम्हाला दिवाळीला सांगितलं असले प्रकार होतात. मग "नो डब्ल्यूएस" झालेलं असतं, म्हणजे तुमची बाजूच रेकॉर्डवर नाही, आणि तो आदेश रद्द करून घ्यायला अर्ज, दंड आणि समोरच्याचे टोमणे. समोरचा दावा लावणार याची कुणकुण असेल तर कॅव्हेट, म्हणजे मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा अर्ज, टाकून ठेवा, ते ९० दिवस चालतं आणि तोपर्यंत तुम्हाला न कळवता एकतर्फी मनाई मिळणं अवघड होतं.

राज्याचे काही नियम, थोडक्यात

मुलींच्या हक्काबद्दल महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास आहे. केंद्राने २००५ साली मुलींना जन्मतः सहहिस्सेदार केलं, पण महाराष्ट्राने ती दुरुस्ती १९९४ लाच केली होती, फक्त २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. ती अट २००५ नंतर राहिली नाही, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हेही स्पष्ट केलं की केंद्राची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात असायलाच हवे होते असं काही नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर्ड वाटपपत्राने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटपं उकरता येत नाहीत. तुमच्या घरचं "वाटप" तोंडी होतं का रजिस्टर, हे म्हणून महत्त्वाचं.

शेतजमीन विकत घ्यायला आपल्या राज्यात शेतकरी असावं लागतं, कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही. तुकडेबंदी आहेच, २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतला २० गुंठे आणि बागायतला १० गुंठे हे किमान प्रमाण, त्यानंतर शहरी हद्दीसाठी सवलती आल्यात, त्यामुळे पाच भावंडांत एक एकर वाटून मागायच्या आधी तुमच्या गटाला आजच्या तारखेला नेमका कुठला नियम लागतो ते वकिलाकडून लिहून घ्या.

कोर्टात किंवा सरकारी ऑफिसात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, २००४ पासून माफी आहे, तरी बाहेरचे टायपिंगवाले मागतात आणि लोक देतात. खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, १९९८ च्या अधिसूचनेप्रमाणे, त्यामुळे "दावा मराठीत करा, मला वाचून सही करायचीय" असं सांगायला लाजू नका. हायकोर्टात मात्र इंग्रजीच. हायकोर्ट म्हटलं की मुंबईच असंही आता नाही, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर आहेतच, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी.

आता वकील

कायद्याने सनद असलेला वकील देशात कुठेही उभा राहू शकतो, त्यामुळे पुण्याचा नावाजलेला वकील तालुक्याला आणता येतो. पण प्रत्येक तारखेला तो येणार नाही, ज्युनियर येईल, ज्युनियरलाही त्या दिवशी दुसरीकडे काम निघालं तर तिथल्याच कुणालातरी "जरा तारीख घ्या" म्हणून फोन करेल. वाटपाच्या दाव्यात तीस-चाळीस तारखा सहज होतात. म्हणून रोज त्याच कोर्टात बसणारा, त्याच तहसीलला चढउतार करणारा वकील बघावा, आणि फारच गुंतागुंत असेल तर शहरातल्या मोठ्या वकिलाचा एकदाच सल्ला विकत घ्यावा. मला ही पद्धत सगळ्यात परवडणारी वाटते.

शोधायचं कसं? नातेवाईक नावं सांगतातच, घ्या. मग ई-कोर्ट्सच्या साइटवर जिल्हा आणि कोर्ट निवडून वकिलाच्या नावाने शोधा, त्याच्या किती आणि कसल्या केसेस चालू आहेत ते दिसतं. दिवाणी दावे दिसले तर ठीक, सगळे मोटार अपघाताचेच दिसले तर तुमच्या कामाचा माणूस तो नाही. नंतर एक दिवस काढून सकाळी साडेदहा-अकराला सरळ कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, फोन सायलेंट ठेवला की कुणी काही बोलत नाही. पुकारा झाला की कोण उठतं, कोण फाईल उघडून बोलतं, कोण "साहेब, वकील दुसऱ्या कोर्टात आहेत" म्हणून पक्षकाराला पुढे ढकलतं हे दोन तासांत दिसतं. साक्षीदाराचा उलटतपास चालू असेल तर तो नक्की ऐका. जमिनीची केस शेवटी उलटतपासात ठरते, चेंबरमधल्या आवाजावर नाही.

तहसीलच्या झाडाखाली फाईल घेऊन फिरणारा, "मी करून देतो, वकील कशाला" म्हणणारा माणूस प्रत्येक तालुक्यात असतो. त्याच्याकडून नक्कल काढून घेणं वेगळं, केस सोपवणं वेगळं. सनद आहे का हे बघायला वकीलपत्रावरचा (वकिलाला तुमच्यातर्फे उभं राहायचा अधिकार देणारा कागद) नोंदणी क्रमांक पुरतो, आपल्याकडे तो एमएएच, मग नंबर, मग वर्ष असा असतो, आणि बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा कडे त्याची खात्री होते.

छोट्या तालुक्यात अजून एक अडचण, सगळे सगळ्यांचे. ज्या वकिलाने पाच वर्षांपूर्वी तुमच्या चुलत्याचं खरेदीखत बघितलं होतं तोच तुम्हाला सुचवला जाऊ शकतो. पहिल्याच भेटीत समोरच्या पार्टीची नावं सांगून विचारायचं, "वकीलसाहेब, यांचं कधी काम केलंय का तुम्ही?" चांगला वकील स्वतःच सांगतो आणि बाजूला होतो.

पहिली भेट आणि फी

फाईल क्रमाने लावून न्या, वर एक पानाची तारीखवार टिपणी. साल, काय झालं, कुठला कागद. बस. आजोबांच्या स्वभावावर बोलू नका. आमच्या काकांनी पहिल्या भेटीत अर्धा तास विहिरीच्या भांडणाची हकिकत सांगितली, वकीलसाहेब शांतपणे ऐकत होते आणि शेवटी एवढंच म्हणाले, "काका, हे सगळं खरं असेल, पण विहीर कुठल्या गटात आहे?" काका माझ्याकडे बघायला लागले. गट नंबर टिपणीत होता म्हणून बरं.

विचारायचे ते हे. माझा दावा महसुली का दिवाणी का दोन्ही? मुदतीत आहे का? माझ्या बाजूचा सगळ्यात कच्चा दुवा कोणता? हा तिसरा प्रश्न मुद्दाम विचारा, याचं उत्तर "काहीच कच्चं नाही" असं आलं तर मी तरी दुसरीकडे जाईन. उभं कोण राहणार, तुम्ही का ज्युनियर? तारखेचं मला कोण कळवणार?

मग फी. बोलायला लोक संकोचतात, "तुम्ही घरचेच, काय द्यायचं ते द्या" असं वकीलही म्हणतात आणि पुढे दोघांचंही तोंड कडू होतं. पद्धती साधारण तीन: ठोक रक्कम, टप्प्याटप्प्याने (दावा दाखल, मनाई अर्ज, पुरावा, युक्तिवाद), किंवा प्रत्येक तारखेला. लांब राहणाऱ्याला टप्प्याची पद्धत सोयीची, कारण काम झालं का नाही ते ई-कोर्ट्सवर दिसतं आणि मग पैसे पाठवता येतात. कोर्ट फी, टायपिंग, झेरॉक्स, नक्कल, कोर्ट कमिशनर नेमला तर त्याचा खर्च, मोजणी फी, हे सगळं फीमध्ये धरलंय का वेगळं ते तेव्हाच विचारा. कोर्ट फी राज्याच्या कायद्याप्रमाणे दाव्याच्या मूल्यांकनावर ठरते, ती किती आणि कशी काढली ते कागदावर मागा. पैसे यूपीआयने किंवा चेकने द्या, रोख दिले तर पावती. व्हॉट्सअॅपवर "आज अमुक टप्प्याचे इतके पाठवले" असा एक मेसेज टाकला तरी पुढे उपयोगी पडतो.

एक गोष्ट स्पष्ट आहे: निकालावर फी ठरवणं किंवा जिंकलो तर जमिनीतले चार गुंठे घेणं हे बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. असं कुणी सुचवलं तर ते स्वस्त वाटतं पण त्या माणसाकडून उठा. आणि "साहेबांना द्यावे लागतील" म्हणून वेगळे पैसे मागणाऱ्याकडूनही.

सही करताना

वकीलपत्र हा एक-दोन पानांचा छापील फॉर्म असतो, त्यावर कोर्टाचं नाव, दावा नंबर, वादी-प्रतिवादी, तुमची सही, वकिलाची सही, आणि वेलफेअर फंडाचं तिकीट. त्यातला मजकूर वाचा, बऱ्याच फॉर्ममध्ये तडजोड करायचा, पैसे स्वीकारायचा अधिकारसुद्धा छापलेला असतो. तो द्यायचा नसेल तर ती ओळ खोडून सही करा, वकील तयार होतात, विचारावं लागतं इतकंच. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर सही कुणालाही नाही, सख्ख्या मामालाही नाही. दाव्याच्या शेवटी सत्यापन असतं, म्हणजे "वरील मजकूर खरा आहे" असं तुम्ही शपथेवर म्हणता. गट नंबर, क्षेत्र, चतु:सीमा आणि वंशावळ ही चार ठिकाणं सातबाऱ्याशी ताडून बघितल्याशिवाय तिथे सही करू नका, टायपिंगमध्ये गट १२४ चा १४२ होतो आणि दुरुस्ती अर्जात सहा महिने जातात.

दावा दाखल झाल्यावर

सीएनआर नंबर, म्हणजे ई-कोर्ट्सवरचा तुमच्या केसचा नंबर, घ्या, सोळा अक्षर-आकड्यांचा असतो, आपल्या राज्यात सुरुवात एमएचने. ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये तो टाकून ठेवला की पुढची तारीख, कशासाठी आहे ते, आणि आदेशाच्या पीडीएफ घरबसल्या दिसतात. वकिलाला दर आठवड्याला "काय झालं" विचारायची गरज राहत नाही, आणि विचारलंच तर नेमकं विचारता येतं.

जमिनीच्या दाव्यात पहिली लढाई निशाणी ५ ची, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जाची. समोरचा केस चालू असताना जमीन विकू नये, बांधकाम करू नये, तुमच्या वहिवाटीला अडथळा करू नये म्हणून. हिच्यावर जोर लावा, कारण मूळ दाव्याला वर्षं लागतात आणि तोपर्यंत शेतात काय होतं ते याच अर्जावर ठरतं. यासोबत दावा चालू असल्याची नोटीस, ज्याला लिस पेंडन्स म्हणतात, ती दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करायची का हे वकिलाला विचारा. राज्याच्या दुरुस्तीमुळे आपल्याकडे या नोंदणीला जास्त वजन आहे, आणि जमीन घेणाऱ्याने सर्च घेतला की त्याला वाद दिसतो.

प्रत्येक कागदाची एक प्रत तुमच्याकडे हवी. दावा, कैफियत, अर्ज, म्हणणं, आदेश. मोबाइलमध्ये स्कॅन करून गटवार फोल्डर केलं तरी चालेल. सहा महिन्यांतून एकदा रोजनामा बघा, त्यात दर तारखेला काय झालं ते दोन ओळींत असतं. "वादीतर्फे मुदत अर्ज" असं सलग चार वेळा दिसलं आणि वादी तुम्हीच असाल, तर वेळखाऊपणा कोण करतंय ते कळलं.

पैसे नसतील तर

फुकट वकील फक्त गरिबांना मिळतो असा समज आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तसंच अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग, मुलं, आपत्तीग्रस्त यांनाही, आणि बाकीच्यांना राज्याच्या उत्पन्न मर्यादेत. गावी एकट्या राहणाऱ्या आत्यांना हे कुणी सांगत नाही, कारण सांगणारे बहुधा समोरच्या पार्टीतले असतात. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, नाहीतर १५१०० वर फोन. लोकअदालतीत मिटलं तर तो हुकूमनाम्यासारखाच अंमलात येतो, भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण त्यावर अपील नाही, म्हणून तिथे सही करताना घाई नको. सकाळी जेवणाच्या आधी मिटवायचंच अशा वातावरणात खूप लोक नंतर पस्तावणारे आकडे मान्य करतात.

परदेशात असाल किंवा जमीन गोव्यात असेल

बाहेरून कुलमुखत्यारपत्र द्यायचं तर तिथल्या भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करा आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथला मुद्रांक भरून घ्या, नाहीतर ऐन वेळी तो कागद अडतो. अधिकार नेमके लिहा, "केस चालवणे" एवढाच हवा असेल तर "विक्री करणे" लिहू नका. ज्याच्या नावे देताय तो भाऊ असला तरी.

गोव्यातली जमीन असेल तर हा लेख जवळजवळ सगळा बाजूला ठेवा. तिथे सातबाऱ्याऐवजी एक-चौदाचा उतारा, वारसाहक्क पोर्तुगीज काळापासून आलेल्या वेगळ्या कायद्याने, वाटप इन्व्हेंटरी प्रोसिडिंगने (मयताच्या मालमत्तेची यादी करून वाटणी करायची तिथली पद्धत), आणि नवरा-बायकोचा मालमत्तेत बहुधा निम्मा-निम्मा हिस्सा. सिंधुदुर्गातला हुशार वकीलसुद्धा तिथे तुमच्यासाठी नवखा, म्हापसा, पणजी, मडगावचाच वकील बघा.

वकील बदलायचा असेल तर

बदलता येतो, तो तुमचा हक्क आहे. रीत अशी की नवीन वकीलपत्रावर जुन्या वकिलाची ना हरकत घ्यायची, राहिलेली फी देऊन टाकायची आणि फाईल परत घ्यायची. ना हरकत देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून परवानगी मिळते. फी राहिली म्हणून फाईल अडवून ठेवायचा अधिकार वकिलाला नाही, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय, फी वसुलीसाठी त्याने वेगळा मार्ग घ्यावा. गैरवर्तनाची तक्रार ॲडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे होते. ग्राहक मंचात जाता येत नाही, मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेवली. पण केस हरलो म्हणून केलेली तक्रार टिकत नाही, समोरच्याशी हातमिळवणी, पैशाचा अपहार, न सांगता केलेली तडजोड असलं काही कागदावर दाखवता आलं तरच टिकते. आणि बदलायचंच असेल तर पुरावा सुरू व्हायच्या आधी बदला, उलटतपास अर्धा झालेला असताना नवीन वकिलाला फाईल समजायलाच तीन तारखा जातात आणि तेवढ्यात न्यायाधीशांची बदली झाली तर सगळं परत पहिल्यापासून समजावावं लागतं.